पक्षाचे व पॅनेलचे बोलू नये

गेली एकोणीस वर्षं मी एकाच दुकानात दाढी-कटिंग करून घेतोय. कऱ्हाडच्या जुन्या पेठेतलं, रस्त्यापासून दोन पायऱ्या वर असलेलं, दोन खुर्च्यांचं दुकान. दारावर नाव रंगवलेलं आहे, पण ते कुणाच्या तोंडात नाही. सगळे ‘बापूंचं दुकान’ म्हणतात. गावाचं नाव हल्ली सगळीकडे ‘कराड’ असं लिहितात. माझी उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली, त्यामुळे माझ्या हातून ‘कऱ्हाड’च येतं, तेवढं चालवून घ्यावं.

या दुकानाबद्दल लिहायचं पुष्कळ दिवस मनात होतं. एक तर इथली दाढी चांगली होते. आणि दुसरं म्हणजे इथल्या भिंतीवर एक पाटी आहे, तिच्यावर काय लिहायचं ते ठरवायला आम्हाला दीड वर्ष लागलं.

आधी दाढीचं सांगतो. गिऱ्हाईक बसलं की बापू पहिल्यांदा खुर्चीची उशी वर-खाली करून डोकं नीट टेकलंय ना ते बघतात. मग फवाऱ्यानं पाणी मारून ब्रश गोल गोल फिरवत दोन-अडीच मिनिटं फेस चढवतात. माझी दाढी पांढरी आणि राठ. घाई केली की केस ओढले जातात, पण बापूंच्या हाताखाली असं कधी झालं नाही. पातं कागदासकट मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात सरकवतात, तेही तुमच्या डोळ्यांदेखत. पहिला हात केसांच्या कलानं, दुसरा उलटा. गळ्याशी मात्र उलटा हात मारत नाहीत. तिथले केस भोवऱ्यासारखे फिरलेले असतात, उलटा मारला की दुसऱ्या दिवशी पुरळ उठते. शेवटी ओल्या तुरटीचा खडा, गार पाणी, धुतलेला टॉवेल. दाढीचे साठ रुपये, कटिंगचे एकशे वीस. दर आरशाशेजारी लिहिलेले आहेत आणि सणासुदीला वाढत नाहीत. कटिंगला मशीन मानेपुरतंच, बाकी सगळं कात्री-कंगव्याचं काम.

आता पाटीकडे येतो.

जून २०२२ मध्ये राज्यातला एक मोठा पक्ष फुटला, जुलै २०२३ मध्ये दुसरा. दुसऱ्या फुटीनंतर लगेच दुसऱ्या दिवशी आमच्या प्रीतिसंगमावर, यशवंतरावांच्या समाधीपाशी, केवढी गर्दी लोटली ते सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिलं. त्या आठवड्यात आमच्याकडे घराघरांत दोन तट पडले होते. बापूंच्या दुकानातही तेच. एक गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं, वस्तरा हनुवटीखाली. मागच्या बाकावरून कुणीतरी त्याच्या नेत्याला लागेल असं बोललं. त्यानं उत्तर द्यायला एकदम मान वळवली आणि जबड्याखाली इंचभर कापलं. तुरटीनं रक्त थांबेना. शेजारच्या दवाखान्यात नेऊन दोन टाके घालावे लागले. बावीस वर्षांच्या धंद्यात बापूंच्या वस्तऱ्यानं टाके पडायची ती पहिलीच वेळ. त्या दुपारी त्यांनी शटर ओढलं आणि दुसऱ्या दिवशी स्टेशनरीच्या दुकानातून तयार पाटी आणून आरशावर लावली, ‘येथे राजकीय चर्चा करू नये’.

ही पाटी महाराष्ट्रात कुठेही दिसते. सलूनमध्ये, चहाच्या टपरीवर, पिठाच्या गिरणीत. तिच्यामागचं कारण साधं असतं. बोलणाऱ्याचा जबडा हलतो, भांडणाऱ्याची मान हलते आणि वस्तरा धरलेल्या माणसाला दोन्हीची भीती असते. शिवाय दुकानात तलाठी येतात, मास्तर येतात, पोलीस येतात. सरकारी नोकरांना राजकारणात भाग घ्यायला नियमानंच मनाई आहे, महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ सालचे आहेत. अशा माणसाला बाकावर बसून भांडण ऐकावं लागलं की तो पुढच्या वेळेपासून दुसरं दुकान बघतो. म्हणून मी त्या पाटीला नावं ठेवत नाही.

पण पाटी लागली आणि दुकान मुकं झालं. चौथ्या-पाचव्या दिवशी एका शेतकऱ्यानं विचारलं, “बापू, उसाचं बोललं तर चालंल का?” बापूंना उत्तर देता येईना. आमच्या भागात ऊस म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला त्यांची अडचण कळेल. उसाचा किमान दर, ज्याला सगळे एफआरपी म्हणतात, तो केंद्र सरकार ठरवतं. पैसे कारखाना देतो. कारखान्याचं संचालक मंडळ निवडून येतं. मग उसाचं बोलणं राजकीय की नाही? कृष्णेला पाणी किती सोडलं, कोयनेत किती साठलं, पेठेतला रस्ता कितव्यांदा उकरला, यातलं काय राजकीय आणि काय नाही? ‘राजकीय’ हा शब्द एवढा मोठा आहे की तो दाराबाहेर ठेवला तर त्याच्याबरोबर निम्मं आयुष्य बाहेर जातं. लोक मग गप्प बसायला लागले. मोबाइल बघायला लागले. दोन महिने मी त्या दुकानात फक्त कात्रीचा आवाज ऐकला.

शेवटी बापूच म्हणाले, “अप्पा, दुकानाचा पार मसणवटा झालाय. तुम्ही जन्मभर शब्द तपासलेत. मला असा शब्द द्या की भांडण भाईर ऱ्हाईल आणि माणसं आत बोलतील.”

हे काम मी मनापासून अंगावर घेतलं.

पहिला शब्द आठवला ‘अराजकीय’. वर्तमानपत्रांत येतो, व्याकरणानंही बरोबर आहे. पण मराठी कानाला त्यातला ‘अराजक’ आधी ऐकू येतो. छापखान्यात खिळे जुळवायचे दिवस होते तेव्हा एका मंडळाची पत्रिका आली होती, ‘तरुणांचा अराजकीय मेळावा’. कंपोझिटरच्या हातून एक वेलांटी आणि एक ‘य’ राहिला. पहिल्या मुद्रितावर उमटलं, ‘तरुणांचा अराजक मेळावा’. मी ते पकडलं आणि आयोजकाला बोलावून दाखवलं, तर त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. पोलिसांकडून परवानगी घ्यायची होती त्याला. जो शब्द एका वेलांटीनं स्वतःच्या उलट बाजूला जाऊन उभा राहतो, तो भिंतीवर लावू नये असं माझं मत तेव्हापासून आहे. त्या पत्रिकेवर आम्ही शेवटी ‘बिगरराजकीय’ असं घातलं.

‘बिगरराजकीय’ हा त्यातल्या त्यात जवळचा. ‘बिगर’ अरबी-फारसीतून आलेला, पुढचा शब्द संस्कृत, पण आपल्या कानाला हे जोडकाम सवयीचं आहे. बिगरसरकारी म्हणतो, बिगरशेती म्हणतो. शेतकऱ्याला तर बिगरशेती हा शब्द पाठच असतो. जमीन बिगरशेती झाली तरी ती जमीनच राहते, फक्त तिच्यावर नांगर चालत नाही. बिगरराजकीय बोलणंही तसंच असावं, विषय तोच, फक्त त्यावर मतं पिकवायची नाहीत. हे मी बापूंना सांगितलं तेव्हा त्यांना पटलं. पण बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं मला अडवलं. म्हणाला, “बिगरराजकीय बिगरराजकीय करत किती जण निवडणुकीला उभं राहिलं, मोजलं का?” शेतकरी संघटनेचा तो जुना बिल्लेवाला. शरद जोशींच्या सुरुवातीच्या काळात, ऐंशी सालच्या आसपास, आम्ही मतं मागायला येणार नाही हे सभांमधून ठासून सांगितलं जायचं. पुढे १९९४ मध्ये त्यांनीच स्वतंत्र भारत पक्ष काढला. म्हातारा त्यांना दोष देत नव्हता. बाहेर राहून दर मिळत नाही हे कळलं म्हणून ते आत गेले, असं त्याचं म्हणणं होतं. पण शब्द मात्र तेव्हापासून त्याच्या मनातून उतरला होता. ज्या शब्दावरचा माणसांचा विश्वास उडाला आहे तो पाटीवर लावून काय उपयोग?

‘तटस्थ’ म्हणजे काठावर उभा असलेला. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना एकमेकींच्या समोरून येऊन भिडतात, तिथे काठावर उभं राहून बघताना हा शब्द मला फार आवडतो. पण बाकावर बसलेला माणूस काठावरचा नाही. त्याच्या उसाचं बिल अडकलेलं असतं. त्याला तटस्थ राहा म्हणणं बरोबर नाही. विनोबांनी ‘राजनीती’ला ‘लोकनीती’ हा शब्द दिला, तो अर्थानं सगळ्यात मोठा, पण सलूनच्या भिंतीला पेलणारा नव्हे.

हे सगळं चाललं असताना मूळ शब्दाकडेच पुन्हा बघावंसं वाटलं. समर्थांचं चाफळ इथून जवळच. त्यांच्या दासबोधात हरिकथेनंतर दुसरा मान राजकारणाला दिलेला आहे, आणि तिसरा सावधपणाला. आज तोच शब्द आपण कसा वापरतो? ‘त्यांच्या घरात फार राजकारण चालतं’ म्हणजे कुजबुज चालते, डाव खेळले जातात. ‘ऑफिसातल्या राजकारणाला कंटाळलो’ म्हणजे पाय ओढण्याला कंटाळलो. आणि सभेत कुणी हिशेब विचारला की उत्तर येतं, ‘यात राजकारण आणू नका’. हे वाक्य मी अनेक संस्थांच्या सभांत ऐकलं आहे, आणि बहुतेक वेळा ते हिशेब द्यायचा असलेल्या माणसाच्याच तोंडून. म्हणून राजकारण टाळणाऱ्या शब्दांची मला थोडी धास्ती वाटते. टाळायचं असतं भांडण, पण सोबत प्रश्नही टाळला जातो.

१९७५ मध्ये मी बावीस वर्षांचा होतो आणि छापखान्यात नुकता लागलो होतो. त्या वर्षी कऱ्हाडला साहित्य संमेलन भरलं. आणीबाणी चालू होती. अध्यक्ष दुर्गा भागवत आणि स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे त्याच सरकारातले मंत्री. जयप्रकाश नारायण तेव्हा मुंबईत जसलोक रुग्णालयात आजारी होते. दुर्गाबाईंनी भर संमेलनात त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितली. मी मांडवात अगदी मागे उभा होतो. कुणाचं नाव वाईट अर्थानं घेतलं नाही, घोषणा नाही, एका आजारी माणसाला बरं वाटावं एवढंच. पण त्या मांडवात त्याहून राजकीय दुसरं काही असूच शकत नव्हतं. पुढे १९७६ मध्ये बाईंना अटक झाली. ‘साहित्याचं व्यासपीठ अराजकीय राहू द्या’ अशी पाटी त्या मांडवाच्या दारावर असती तर त्या प्रार्थनेलाही मनाई झाली असती.

हे मी बापूंना माझी दाढी चालू असतानाच सांगत होतो, म्हणजे ते थांबले की मी बोलायचो. मग त्यांच्याच धंद्यातलं एक सांगितलं. मुंबईत १८९० मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिक मंडळी एकत्र आली आणि आम्ही विधवांचं केशवपन करणार नाही असं त्यांनी ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा, त्यांनीच वस्तरा खाली ठेवला. आरशावर संत सेना महाराजांचा फोटो आहे, त्याच्याकडे बघत बापू थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “अप्पा, ते राजकारण न्हवतं. ती माणुसकी हुती.”

मी म्हणालो, दोन्ही होतं. त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. पण पाटीचा गुंता तिथेच सुटला. बापू म्हणाले, “मग चांगलं राजकारण आत येऊ दे. मला फकस्त पक्षाचं भांडण नको.” मी म्हटलं, मग तेच लिहा. अवघड विशेषण हवंच कशाला? जे नको त्याचं नाव घ्या आणि जे हवं त्याचंही घ्या.

अशी दुसरी पाटी झाली, पेंटरकडून रंगवून घेतलेली, पांढऱ्यावर निळी: ‘येथे पक्षाचे बोलू नये. उसाचे, पाण्याचे, रस्त्याचे बोलावे.’

मला विचाराल तर ‘बोलावे’ या शब्दात सगळं आहे. नुसती मनाई असती तर लोक पुन्हा मोबाइलमध्ये गेले असते. या पाटीनं त्यांना बोलायला बोलावलं.

विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झालं आणि निकाल २३ ला. मधल्या दिवसांत, २१ तारखेला, मी बाकावर बसलो होतो. दोन्ही खुर्च्यांत दोन चुलतभाऊ. शेजारच्या गावचे, एकाच बांधाचे, विहीर सामाईक. पक्षफुटीत हे दोघं दोन बाजूंना गेले आणि दीड वर्ष एकमेकांशी बोलत नव्हते. एक आधी येऊन बसला होता, दुसरा आला तेव्हा मोकळी खुर्ची तेवढीच होती. दोघांचे डावे हात खुर्चीच्या दांड्यावर, दोन्ही तर्जन्यांवर शाई ताजी. बापूंनी एकाला फेस लावला, त्यांच्या मुलानं दुसऱ्याला. कुणी आरशातसुद्धा एकमेकांकडे बघेना. बापूंनी वस्तरा उचलला नाही. फेस तसाच ठेवून पाटीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “खालची ओळ वाचा.” थोडा वेळ गेला. मग मोठा आरशातूनच म्हणाला, “ऊसतोडीची टोळी आली का तुझ्याकडं?” धाकटा म्हणाला, “न्हाई अजून. मुकादम उद्या म्हणतोय.” “माझी आलीय. माझं झालं की तुझ्याकडं लावतो.” एवढंच. मग बापूंनी वस्तरा लावला. दाढी होईपर्यंत दोघंही हलले नाहीत.

पाटीत कमतरता निघाली ती त्यानंतरच्या हिवाळ्यात. ग्रामपंचायतीच्या निवडणुका आपल्याकडे पक्षाच्या चिन्हावर होत नाहीत. विकास सोसायटी, कारखाना, तिथेही पक्षाचं चिन्ह नसतं, असतं ते पॅनेल. कायद्यानं पक्ष बाहेर ठेवला आहे आणि गावातली सगळ्यात कडवी भांडणं तिथेच होतात. एका रविवारी सोसायटीच्या निवडणुकीवरून बाकावरच्या दोघांचा आवाज चढला. बापूंनी पाटी दाखवली, तर त्यातला एक म्हणाला, “पक्षाचं कुठं बोलतोय? पॅनेलचं बोलतोय की.” अक्षरशः खरं होतं त्याचं. मी मुद्रितशोधक, शब्दात फट राहिली याची खंत माझीच. मग पाटीत दोन शब्द वाढवले. आता पहिली ओळ अशी आहे, ‘येथे पक्षाचे व पॅनेलचे बोलू नये.’

दुकानाच्या उणिवाही सांगायला हव्यात. रविवारी सकाळी दीड-दोन तास बसावं लागतं, नंबर लावायची सोय नाही. बापूंचा मुलगा हात धरतो चांगला, पण कल्ले त्याला सारखे येत नाहीत. माझा डावा कल्ला एकदा उजव्यापेक्षा बोटभर वर गेला होता. तोल बघायला तो आरशात बघत नाही, नुसता समोरून अंदाज घेतो. हे मी त्याला सांगितलं आहे. पायऱ्या उंच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी हात द्यायला सांगावं, ते लगेच येतात. ज्यांना चेहऱ्याचं ब्लीच वगैरे करायचं असेल त्यांनी दुसरीकडे जावं, बापू ते मनापासून करत नाहीत. आणि दुकान सोमवारी बंद असतं, शिवाय श्रावण वद्य द्वादशीला, सेना महाराजांच्या पुण्यतिथीला.

कटिंगसाठी बुधवार-गुरुवारी दुपारी तीननंतर जा. बाक रिकामा असतो, बापूंना वेळ असतो आणि कोयनेच्या पाण्यावर त्यांचं स्वतःचं मत आहे, ते जरूर ऐकावं.

वाढवलेले दोन शब्द पेंटरनं घाईत रंगवले. त्यानं ‘पॅ’वर अर्धचंद्राशेजारी एक टिंबही दिलं आहे, ‘पँनेलचे’. ही चूक मी आयुष्यभर हजारो मुद्रितांवर लाल शाईनं खोडली आहे. येत्या सोमवारी दुकान बंद असताना पेंटर येणार आहे. सकाळी नऊला मी तिथे जाऊन थांबणार आहे, टिंब पुसलं जाईपर्यंत.